थरथर नेमकी कुठली?

"न्यूट्रलला टाका आणि इंजिन खाली येऊ द्या." काटा ऐंशीवर, आरशातला रस्ता थरथरून धूसर, आणि शेजारी बसलेले मिस्त्री हे अगदी सहज सांगतात!

टाकली. इंजिन आयडलला आलं. गाडी आपली वेगात घरंगळतेय, थरथर तशीच.

"झालं. आता इंजिनाला शिव्या द्यायच्या नाहीत."

हे वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना. या जुन्या गाडीत इंजिन दुसऱ्याच गाडीचं बसवलंय, त्यामुळे जो येतो तो आधी बॉनेट उघडतो. माउंटिंग बदला, फ्लायव्हील बॅलन्स करा. (क्लच प्लेटवर तर सगळ्यांचाच राग.)

म्हणून या वेळी इंजिन सोडून त्याच्या मागे बघितलं. गाडी वर घेऊन कोनमापक लावला. गिअरबॉक्सचं शेपूट ३ अंश खाली झुकलेलं. डिफरन्शियलचं (मागच्या चाकांना जोर वाटून देणारा डबा) नाक तितकंच वर हवं, ते जेमतेम १ अंश वर. या दोघांना जोडणारा लांब दांडा म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट. त्याच्या टोकांचे क्रॉस (वाकणारे सांधे) कोनात फिरताना दर फेऱ्याला दोनदा वेग कमीजास्त करतात. दोन्हीकडचे कोन सारखे असले, तर एकाचा झोल दुसरा खाऊन टाकतो. इथे तो हिशेबच जुळत नव्हता. कुणीतरी कधीकाळी ऐट म्हणून मागची बाजू खाली बसवली आणि नाकाकडे बघितलंच नाही. आता पाटे (मागच्या स्प्रिंगा) आणि अ‍ॅक्सलमध्ये २ अंशांची पाचर घालून बघायचंय.

जे समोर चकाकतं त्याच्यावरच आधी संशय का जातो, कोण जाणे.

तुमचे मिस्त्री आधी गाडी चालवून बघतात, की थेट पाना उचलतात?