तुम्ही विचारलंत म्हणून : कैद्यांच्या हातात सुई देता तरी कशी?

तुरुंगात गोधडी किंवा क्रोशा शिकवणाऱ्याला गोव्यात कुठेही गाठा, लोक एकच विचारतात: कैद्यांच्या हातात सुई-कात्री देता, भीती नाही वाटत?

मोजून देतो, मोजून घेतो. प्रत्येक सुईला आकडा, आणि वहीत त्या आकड्यासमोर ती घेणाऱ्याची सही. सुई मोडली तर दोन्ही तुकडे जमा केल्याशिवाय नवी नाही. टाचण्या आणायच्याच नाहीत, त्यांचं काम कच्च्या टाक्यांवर भागतं. कात्री बोथट टोकाची, टेबलाला साखळीने बांधलेली. कापड बाहेरच कापून आत न्यायचं, म्हणजे कात्रीला दोरा तोडण्यापलीकडे काम उरत नाही. वेळ संपायच्या पंधरा मिनिटं आधी मोजणी. एक सुई कमी भरली तर कुणीही उठायचं नाही. लोहचुंबक आधी जमिनीवरून फिरवायचं, मग गोधडीवरून. हरवलेली सुई बहुधा गोधडीच्या थरांतच सापडते, आणि ती शोधायची ती पहाऱ्यावरच्या शिपायासाठी नव्हे, ज्या बाळाला त्या गोधडीवर निजवणार त्याच्यासाठी.

खरी अडचण सुईची नाही, काम निवडण्याची आहे. तुरुंग कुठलाही घ्या, देशभरात चारातले तीन कैदी कच्चे, म्हणजे खटला चालू असलेले. त्यांच्यावर कामाची सक्ती करता येत नाही, आणि जामीन उद्याही होऊ शकतो. अशा माणसाला हातमागावर बसवून काय साधणार? ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, भरायलाच दिवस जातात, आणि विणकर मधेच सुटला तर अर्धं कापड मागावर लटकतं. माग लांब शिक्षेच्या पक्क्या कैद्यांसाठी. कच्च्यांसाठी आठवड्याभरात पुरं होणारं आणि दुसऱ्याला मधूनच उचलता येणारं काम हवं.

म्हणून बाळाची गोधडी. साडेपाच मीटरच्या जुन्या सुती साडीच्या पाच घड्या घातल्या की साधारण 110 सेंटिमीटरचा चौरस होतो, पाच थरांचा. कापड वाया जात नाही. चवथीच्या साफसफाईत घराघरांतून साड्या निघतात, पण त्यांत निम्म्या सिंथेटिक. काठाचा धागा काढून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टरची कडक गोळी होते. हे बाहेरच उरकायचं, आत काडेपेटी नाही. लाल रंगाची साडी असेल तर पांढरं ओलं फडकं घासून बघा. रंग उतरला तर ती वरच्या थराला नको, आतल्यालाही नको.

थर लावून झाले की मधून कडेकडे कच्चे टाके, वीतभर अंतरावर. नवशिके हमखास कडेने सुरुवात करतात, मग मधे कापडाचा फुगा उरतो आणि तो कितीही ताणला तरी बसत नाही. पुढे धावदोरा. टाका अर्ध्या सेंटिमीटरचा, ओळींत दीड सेंटिमीटर. खडूने आखून घ्यायचं. अशा पंच्याहत्तरेक ओळी होतात, म्हणजे ऐंशी मीटरवर शिलाई आणि शंभर मीटरच्या आसपास दोरा. दोरा एका वेळी हातभरच घ्यायचा. लांब घेतला की गुंततो आणि पिंजतो. चार-पाच टाके सुईवर घेऊन मग ओढायची, पण ओढताना हात आवरायचा. बराकीतून चिडून आलेल्याची ओळ लगेच ओळखू येते, तिला चुण्या पडलेल्या असतात. ती उसवायलाच लावायची. ‘चालतंय’ म्हटलं की तो माणूस पुढची ओळही तशीच घालतो.

पावसाळ्यात सगळंच बिघडतं. फोममध्ये खोचलेल्या सुया गंजतात आणि गंजाचा डाग कापडावरून जात नाही. त्यामुळे जूनपासून फोमऐवजी मशीनच्या तेलाचं बोट फिरवलेलं फ्लॅनेल ठेवायचं, आणि सुई घेतल्यावर आधी चिंधीतून दोनदा काढायची. अर्धवट गोधड्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी धरते.

क्रोशा गोव्यात बायकांच्या बराकीत मुद्दाम शिकवायची गरज फारशी पडत नाही, कुणाच्या तरी हातात तो असतोच. सुई लाकडी द्यावी, चार मिलिमीटरची. सूत वजनावर द्यायचं, आणि विणलेलं अधिक उरलेलं असं वजनावरच परत घ्यायचं. इथे एक गोम आहे. सुती धागा हवेतली ओल पितो. मेमध्ये 500 ग्रॅम भरलेला सुताचा कोन जुलैत काही न वापरता दहा-पंधरा ग्रॅमने जड भरतो. तो ऑक्टोबरात सुकला की कुणीतरी सूत चोरल्याचा आळ येतो. वजनाच्या वहीत महिना लिहा.

पुरुष हे करतात का, हा दुसरा प्रश्न. करतात. येरवड्यात पुरुषांच्या हातच्या सतरंज्या किती जुन्या आहेत! इंग्लंडात फाइन सेल वर्क ही संस्था 1997 पासून कैद्यांकडून कोठडीत भरतकाम करून घेते, त्यात बहुतेक पुरुषच.

पैशांचं मात्र नीट बोलायला हवं. सक्तमजुरीच्या कैद्यालाही योग्य मोबदला मिळावा आणि त्यातला काही भाग पीडितांसाठी काढावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली सांगितलं. मोबदला द्यायचा तर माल विकला गेला पाहिजे, आणि दयेपोटी गिऱ्हाईक एकदाच घेतं. म्हणून कडा दुमडून दुहेरी शिवलेली, कच्चे टाके काढलेले, धुऊन कडक उन्हात वाळवलेली अशीच गोधडी बाहेर पाठवायची. चिठ्ठीवर किंमत, माप आणि धुण्याची रीत लिहायची, करणाऱ्याचं नाव नाही. ते छापून गोधडी चार पैसे जास्त खपेलही, पण सुटून गावात गेल्यावर निस्तरावं त्याला लागतं.

सुटणाऱ्याला फाटकावर दोन सुया, दोऱ्याचं रीळ आणि कच्चे टाके घातलेली एक गोधडी द्यावी. सोबत ती कोण विकत घेईल त्याचा पत्ता आणि फोन नंबर. तो दिला नाही तर बाकीचं घरी नेऊन कपाटात पडतं.