वैशाखातला गोवा, पांढऱ्या उन्हाची चित्रं

पणजीत, आल्तिनोच्या पायथ्याशी एका जुन्या घराच्या दोन खोल्यांत चित्रं मांडली होती. विषय एकच, उन्हाळा. गुलमोहराचा भडका बघायला मिळणार अशी माझी अटकळ होती. पण भिंतींवर रंग असा जवळजवळ नव्हताच. सडे म्हणजे कातळाचे उघडे माळ, चिऱ्यांची खाण, दुपारी एकचा ओस रस्ता, सगळं जलरंगात, आणि निम्मा कागद कोराच. तरी समोर उभं राहिलं की डोळे किलकिले व्हायचे.

चित्रकार तिथेच होते, साठी ओलांडलेले, फोंड्याकडचे. "ऊन तांबडं नसतं हो," ते म्हणाले. "भर दुपारी ते चिऱ्याचासुद्धा तांबडेपणा खाऊन टाकतं."

मग त्यांनी चित्र करायची रीत सांगितली. मे महिन्यात उघड्यावर बसलं की कुंचला पुढे सरकायच्या आत रंग वाळतो आणि त्याची कड कडक होते. इतर दिवसांत चित्रकार ती टाळतो. हे गृहस्थ ती मुद्दाम ठेवतात. खाणीच्या चित्रातल्या सगळ्या धारदार रेषा अशा उन्हानेच ओढलेल्या. सड्याच्या चित्रात मात्र मीठ आहे. ओल्या रंगावर खडे टाकले की ते पाणी आणि रंग ओढून घेतात, आणि वाळल्यावर झाडले की खाली फिकट चांदण्या उरतात. रंग ओला असेपर्यंतच हे साधतं, म्हणून ते काम पहाटेचं.

मडगावात १९२६ साली जन्मलेल्या लक्ष्मण पै यांनी कालिदासाच्या ऋतुसंहारावर चित्रमालिका केली होती. त्या काव्याचा पहिला सर्ग ग्रीष्माचाच. या भूमीतल्या चित्रकारांनी उन्हाकडे पुन्हा पुन्हा वळावं हे मला फार रास्त वाटतं. पर्यटनाच्या जाहिरातींतल्या निळ्याहिरव्या गोव्यात ऊन फक्त वाळूवर पडून घेण्यासाठी असतं.

सड्याच्या चित्रातलं मीठ पेडण्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरातलं, हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी म्हापसा, शिवोलीचा पूल, चोपडे असं करत तिथे गेले. शापोरा नदीचं भरतीचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, आत घेतात आणि एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात आटवत नेतात. शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. बांधावर उभी राहिले तर चित्रातला तोच कोरा कागद समोर, बघवत नव्हता इतका लख्ख. पाऊस कधीही येईल म्हणून सगळ्यांची घाई चाललेली. पुरुष लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढत होते, बायका डोक्यावरच्या टोपल्यांतून ते बांधावर नेऊन ढीग रचत होत्या.

तेव्हा जाणवलं, त्या दोन्ही खोल्यांत एकही माणूस नव्हता. मला ते खटकलं. संध्याकाळी फोन करून चित्रकारांना तसं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "खरं आहे. माणसं काढायची तर त्यांच्याबरोबर उन्हात उभं राहायला हवं. येत्या मार्चात आगरातच बसतो."