अण्णांची वही आणि व्हॅनचा मीटर

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे चार महिने अण्णांची वही भाऊ लिहीत होता. डोळा बरा झाल्यावर त्यांनी ती उघडली आणि मला हाक मारली, "हे बघ गं, चारही वेळा ४८,३०७च?"

पेट्रोल भरलं की मीटरचा आकडा वहीत उतरवायचा, हा व्हॅन घेतल्यापासूनचा शिरस्ता. भावानं मीटरवर दिसलं तेच लिहिलं होतं. वेगाचा काटा व्यवस्थित हलत होता, त्यामुळे किलोमीटर थांबल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

४८,३०७ म्हणजे खरं तर १,४८,३०७. आमच्या मीटरला किलोमीटरची पाचच घरं. ९९,९९९ नंतर सगळी शून्यं. पाचगणीला मसाले पोचवायला जाताना पसरणी घाटात तो फेरा पुरा झाला, ती नोंद वहीत लाल शाईनं आहे.

गॅरेजवाला म्हणाला, "ताई, जुन्या बाजारातला मीटर टाकतो. आकडा सांगाल तो लावून देतो." मला ते ऐकवेना. गाडी किती चालली ते गाडीनंच सांगायचं, आपण नाही. मीटर उघडायचं मी तिथंच ठरवलं.

रविवारी बॅटरीची वायर काढली, मीटरचा डबा सोडवला आणि जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरून बसले. गिअरबॉक्सकडून येणारी केबल आत एक लोहचुंबक फिरवते. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक तिला शिवतसुद्धा नाही, तरी फिरताना आपल्याबरोबर ओढतो, आणि काटा त्या वाटीला जोडलेला. आकडे मात्र त्याच दांड्यावरच्या आट्यांवरून, दातेरी चाकांनी फिरतात. म्हणजे काटा हलतोय आणि आकडे थांबलेत, तर केबल शाबूत, दोष पुढच्या चाकांत. (काटा उपसून काढू नका. त्याचं शून्य केसासारख्या स्प्रिंगवर बसवलेलं असतं.)

भिंगाखाली सापडलं. तुरीच्या डाळीएवढं पांढरं प्लॅस्टिकचं चाक, दाते सगळे जागेवर, पण मधल्या भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी चीर. चाकाची पकड सुटली होती आणि दांडा त्याच्या आत नुसताच फिरत होता. इतक्या बारीक चिरेनं चार महिन्यांचा हिशेब गिळला.

झटपट चिकटणारा गोंद मी वापरला नाही. त्याच्या वाफेनं आजूबाजूचं प्लॅस्टिक पांढरं पडतं आणि आकडे धुरकट होतात. दांडा स्पिरिटनं पुसला, बारीक कानशीनं दोनच ओरखडे काढले, दोन नळ्यांचं अरल्डाइट कालवून टाचणीच्या टोकानं लावलं. चीर मिटून राहावी म्हणून चाकाच्या मानेला जुन्या मिक्सरच्या मोटरमधल्या तांब्याच्या तारेचे तीन वेढे दिले. दात्यांत थेंबही जाता कामा नये, म्हणून श्वास रोखून काम केलं. एक दिवस तसंच ठेवलं. आकड्यांच्या चाकांना हात लावला नाही; ती होती तिथंच राहिली.

मंगळवारी अण्णांना शेजारी बसवून हायवेला गेले. किलोमीटरच्या दगडापाशी आकडा लिहिला आणि दहा दगड मोजले. शेवटचं चाक सरकायला लागलं तसे अण्णा खिडकीतून बाहेर बघायचे थांबले, त्यांचं सगळं लक्ष मीटरवर. दहाव्या दगडाला मीटर १०.१ चालला होता. टायर झिजले की घेर कमी होतो, चाकाचे फेरे वाढतात आणि मीटर थोडं जास्त दाखवतो. तेवढं मला मंजूर आहे.

राहिले चालून गेलेले, न मोजलेले किलोमीटर. चार भरणी मिळून ९६ लिटर, आमच्या व्हॅनचं ॲव्हरेज १४, म्हणजे १,३४४. मी म्हटलं, पुढच्या आकड्यात मिळवून टाकू. अण्णांनी मान हलवली. "मोजलेलं वेगळं, अंदाज वेगळा." मग त्यांनी स्वतः पेन घेतलं. नवा डोळा, अक्षर थोडं मोठं: 'मीटर बंद. अंदाजे १,३४४. दुरुस्ती घरी.' आणि खालच्या ओळीवर ४८,३३१.