ब्रेक मारायच्या आधी सांगणारे मामा

जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला सोलापूरला गेले होते. स्टेशनवरून गाडी ठरवली: आधी गाव, मग अक्कलकोट. मुद्दाम पुढच्या सीटवर बसले. चालत्या गाडीतल्या स्क्रीनवर प्रवाशाला काय दाखवायचं, हे ठरवणं माझ्या नोकरीचाच भाग आहे आणि ड्रायव्हर मामा भलतेच बोलके निघाले.

बाळीवेसेजवळ त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. "नंदीध्वज येतायत ताई. 68 लिंगांना तेल घालायचा दिवस हाय आज. अर्धा तास धरूनच चाला. उतरून बघा की निवांत!"

उतरले. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, उंचच्या उंच काठ्या, हलग्यांचा कडकडाट, तोल सांभाळताना ताणलेले दंड. एकूण सात नंदीध्वज. गर्दीत उभ्या उभ्या डोक्यात आलं, की इथे बिनड्रायव्हरची गाडी असती तर काय म्हणाली असती? वेमो या कंपनीच्या अशा बिनड्रायव्हरच्या गाड्यांत मागच्या प्रवाशासमोर स्क्रीन असते. आजूबाजूची वाहनं, माणसं, गाडीचा पुढचा मार्ग त्यावर दिसतो. म्हणजे आपल्याला 'पादचाऱ्यांसाठी थांबले आहे' एवढं कळलं असतं. खोटं नाही त्यात काही, पण मला हवं होतं ते वेगळंच: किती वेळ, आणि खाली उतरू का? मामांनी दोन्ही न विचारता सांगितलं.

(दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.)

अक्कलकोट रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर लागले, एकेकामागे दोन-दोन ट्रॉल्या. मामांचं सुरूच. "आता हळू घेतो, पुढचा वळणार हाय." आणि मग वेग कमी व्हायचा. हा क्रम महत्त्वाचा. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. गाडीने कारण आधी सांगितलं तर लोकांचा विश्वास जास्त बसतो, काम उरकल्यावर सांगितलं तर कमी.

काय सांगावं, यावर स्टॅनफर्डचा 2015 चा एक प्रयोग मला फार आवडतो. गाडी आपणहून ब्रेक लावते, पण स्टिअरिंगवर माणूस आहे. 'ब्रेक लावते आहे' एवढंच ऐकणाऱ्यांचं ड्रायव्हिंग बिघडलं. 'पुढे अडथळा आहे' हे कारण लोकांना आवडलं. दोन्ही एकदम सांगितलं तेव्हा ड्रायव्हिंग सगळ्यांत सुरक्षित झालं, पण चालवणाऱ्यांचा जीव टांगणीला लागला. आमच्या मीटिंगांत मात्र प्रत्येकाला स्क्रीनवर अजून एक ओळ हवीच असते. मामा मोकळ्या रस्त्यावर गप्प बसायचे, हे त्यांना एकदा दाखवायला हवं.

तेवढ्यात गाडी गचकन थांबली. या वेळी आधी काहीच सांगितलं नव्हतं. "कुत्रं आडवं आलं." मला कुत्रं दिसलं नाही. मामांच्या मांडीवरचा मोबाईल मात्र उजळलेला दिसला.

बर्कलीच्या संशोधकांनी 2018 मध्ये गाडीला आपल्या कृतीचं कारण शब्दांत मांडायला शिकवलं, तेव्हा त्यांच्यापुढे हाच पेच होता. एक स्पष्टीकरण निर्णय घेताना गाडीचं लक्ष खरोखर जिथे होतं त्याला बांधलेलं. दुसरं नुसतं पटण्याजोगं, मागाहून जुळवलेलं. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटू शकतात. मला यातल्या दुसऱ्याची धास्ती वाटते. गप्प गाडीवर निदान संशय तरी येतो. गोड आवाजात अस्खलित कारण देणाऱ्या गाडीवर कोण कशाला संशय घेईल? कारण कुठून आलं हे पडताळता येत नसेल, तर ते स्क्रीनवर टाकूच नये असं माझं मत झालंय. ऑफिसात अजून कोणाला पटलेलं नाही.

अक्कलकोटला उतरताना न राहवून विचारलंच, "मामा, कुत्रं कुठल्या रंगाचं होतं हो?"

"काळं," मामा क्षणभरही न अडखळता म्हणाले. "डांबरावर कुठं दिसतंय तुमाला!"