टोकन नंबर ४१२

१४ सप्टेंबर २०१८, शुक्रवार. गणपती आदल्याच दिवशी बसले होते. भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत गाड्यांचं वायरिंग हार्नेस, म्हणजे तारांचे बांधलेले जुडगे, बनायचं, आणि लाइनवर जवळजवळ सगळ्या मुलीच. दीड दिवसाच्या गणपतीला निरोप देऊनच बऱ्याच जणी परतणार होत्या, म्हणून ज्यांच्यासमोर उभं राहून काम चालतं ते निम्मे बोर्ड रिकामे. हजेरी आणि पगार बघणाऱ्या टाइम ऑफिसला मात्र सुट्टी घेऊन चालत नाही. ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची, वर्गणी पंधरा तारखेच्या आत भरायची असते आणि ते काम माझ्याकडे होतं.

ईएसआयच्या पोर्टलवर प्रत्येकीच्या नावापुढे महिन्याचे भरलेले दिवस आणि पगार टाकायचा. दिवस शून्य असतील तर कारण निवडावं लागतं: 'ऑन लीव्ह', 'लेफ्ट सर्व्हिस' वगैरे. ऑगस्टच्या यादीत शून्य एकच होतं. टोकन नंबर ४१२.

आम्ही मुलींना नंबरानेच ओळखायचो, हे आधी कबूल करते. सहाशे जणींत चेहरा कुठून लक्षात राहणार, असं तेव्हा म्हणायचे. ही टेपिंगला, म्हणजे तारांवर काळी टेप गुंडाळायला होती, परभणीकडची, दोन वर्षं झालेली, कन्फर्म. जुलैच्या शेवटापासून कामावर नाही. 'विनापरवाना गैरहजर' म्हणून दोन पत्रं रजिस्टर पोस्टाने गेली होती. दोन्ही मीच टाइप केली होती. तिसऱ्याचा मसुदा ठरलेलाच असतो: 'आपणास कामाची गरज नाही असे गृहीत धरून आपले नाव हजेरीपटावरून कमी करण्यात येत आहे.' फक्त नाव, नंबर आणि तारीख बदलायची.

"४१२ चं आज संपवून टाका," साहेब सकाळीच म्हणाले होते. कंत्राटातली नवीन मुलगी सोमवारी तिच्या बोर्डवर घ्यायची होती. मी पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये तिला 'लेफ्ट' केलं, पत्राची प्रिंट काढली, सहीला ठेवली. पोर्टलवर 'लेफ्ट सर्व्हिस' निवडणार एवढ्यात गेटवरून फोन आला. ४१२ चा नवरा आलाय, दुसरं पत्र हातात घेऊन, आत सोडू का?

आत सोडायची पद्धत नव्हती. मीच खाली गेले.

पंचविशीचा मुलगा, टेम्पोवर असतो म्हणाला. पत्राची घडी चार वेळा उलगडून परत घातलेली. मी ठरलेलं बोलले, की कंपनीला काहीच कळवलं नाही तुम्ही. तो चिडला नाही. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"ताई, दर आठवड्याला कागद देतोय मी. ह्या काकांना विचारा."

वॉचमन काकांनी न बोलता आवक रजिस्टर पुढे केलं. ऑगस्टच्या तीन तारखेपासून दर शुक्रवारी एक नोंद: '४१२ टेपिंग, दवाखान्याचा कागद, मिस्टर आले.' सहा नोंदी. त्यांच्या त्या ठसठशीत अक्षरात वेळसुद्धा लिहिलेली.

"मग कागद कुठायत?"

"लाइनच्या मुलीचा कागद लाइनला पाठवतो मॅडम. तुमच्याकडे कुणी सांगितलं नाही पाठवायला."

कागद सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये होते, रिजेक्शनच्या लाल टॅगांखाली. सहाच्या सहा. सुपरवायझर वाईट माणूस नाही. त्याला खरंच त्यात काही लपवायचं नव्हतं. "उलट्याच होत्या ना मॅडम? त्या सगळ्यांनाच होतात. माझी बायको सातव्या महिन्यापर्यंत शेतात जायची." आणि मग, जरा वरमून, "मला वाटलं तुमच्याकडे कॉपी असणार."

कागदावरचा आजार मी अक्षरं लावत वाचला: हायपरएमेसिस ग्रॅव्हिडारम. गरोदरपणातल्या उलट्याच, पण पाण्याचा घोटही पोटात न टिकणाऱ्या. लघवीत कीटोन उतरतात, वजन घटतं, सलाइन लावावी लागते. दोनदा मोहननगरच्या ईएसआय हॉस्पिटलात ॲडमिट होती. नवरा म्हणाला, सेहेचाळीस किलोची एकेचाळीसवर आली. आणि एक गोष्ट त्याने सांगितली ती माझ्या डोक्यातून अजून जात नाही: काळ्या टेपचा वास तिला सहन होत नव्हता. तो वास कपड्यांना, केसांना लागतो. बसमधून घरी जातो. लाइनवरून आलेली शेजारीण भेटायला आली तरी हिला उमळून यायचं.

वर येऊन मी आमच्या पीएफ-ईएसआयच्या कन्सल्टंटना फोन लावला. साठी उलटलेले गृहस्थ, त्यांनाही सगळे काकाच म्हणायचे.

"पत्र गेलं का?"

"सहीला आहे."

"मग ते फाडा आणि कलम ७३ वाचा. १९४८ चा ईएसआय कायदा आहे, तुमच्याच कपाटात असेल."

होता. पिवळट पानांचा, कुणी न उघडलेला. आजारपणाचा किंवा प्रसूतीचा लाभ मिळत असताना, अथवा गरोदरपणातून उद्भवलेल्या आणि रीतसर दाखला असलेल्या आजारामुळे गैरहजर असताना, कामगाराला काढता येत नाही, खालच्या पगारावर आणता येत नाही, शिक्षा करता येत नाही. त्या काळात दिलेली नोटीसही कायद्याने चालत नाही. मोडल्यास तेव्हा एक वर्षापर्यंत कैद किंवा चार हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. (चार हजार. आमच्या लाइनचा एका रविवारचा ओव्हरटाइम याहून जास्त व्हायचा.) ज्यांना ईएसआय लागू नाही त्यांच्यासाठी १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात कलम १२ होतं, तेही याच धाटणीचं.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण तिला सव्वीस आठवडे मिळणारच आहेत ना पुढे? ते घेईल तेव्हा घेईल. आत्ताचं काय?"

हा गोंधळ मी नंतर कितीतरी ठिकाणी पाहिला, सुशिक्षित लोकांतही. २०१७ मध्ये बाराचे सव्वीस आठवडे झाले आणि त्या आकड्याची इतकी जाहिरात झाली की बाकी सगळं त्याच्या सावलीत गेलं. त्या सव्वीसांतले जास्तीत जास्त आठच बाळंतपणाच्या आधी घेता येतात. तिसऱ्या महिन्यात आडवी पडलेली बाई त्यांना हात कसा लावणार? तिच्यासाठी वेगळी सोय आहे. गरोदरपणातून आलेल्या आजारासाठी सव्वीस आठवड्यांव्यतिरिक्त एक महिन्यापर्यंतचा लाभ. शिवाय ईएसआयचा नेहमीचा आजारपणाचा लाभ, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, सरासरी पगाराच्या ७० टक्के. हे पैसे कंपनीच्या खिशातून जातच नाहीत, ईएसआय देतं. हे सांगितल्यावर साहेबांचा चेहरा जरा सैल झाला. तिची नोकरी कायद्यामुळे वाचली की या एका वाक्यामुळे, मला आजही सांगता येणार नाही.

"बरं, ठेवा नाव. पण सोमवारी त्या बोर्डवर मुलगी पाहिजेच मला."

"बदली म्हणून घेऊ सर. रिकाम्या जागेवर नको."

पोर्टलवर 'ऑन लीव्ह' निवडलं. आधीची दोन पत्रं मागे घेतल्याचं तिसरं पत्र टाइप केलं. तसा मसुदा आमच्याकडे नव्हता, वाक्यं स्वतः जुळवावी लागली. नवरा गेटवर दोन तास थांबला होता. पत्र दिलं तेव्हा त्याने विचारलं, "मग पुढच्या शुक्रवारी कागद कुणाला देऊ?" माझ्या हातात, म्हटलं, आणि पोच घेतल्याशिवाय जायचं नाही.

ती नोव्हेंबरमध्ये परत आली. कॉलर दोन बोटं सैल. साहेबांनी कुरकुरत का होईना, टेपिंगवरून काढून लेबल तपासायला बसवलं. पहिल्या पगारानंतर ती खिडकीशी आली, पगाराची स्लिप पुढे धरून. त्या दिवसापर्यंत तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता.

"मॅडम, मी दोन हजार सोळाला लागलेय ना?"

स्लिपवर भरतीची तारीख होती १४/०९/२०१८. सकाळी मीच तिला 'लेफ्ट' केलं होतं आणि संध्याकाळी मीच परत घेतलं होतं. सॉफ्टवेअरला ती नवी भरती वाटली. दोन वर्षांची नोकरी गायब, म्हणजे पाच वर्षांनी मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीचं घड्याळही शून्यावर. तिने पाहिलं नसतं तर मला कळलंही नसतं.

अलीकडे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून, ईएसआयचा आणि मातृत्व लाभाचा, ते दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. कलमांचे आकडे बदलले, पण गरोदर बाईला गैरहजेरीवरून काढायचं नाही ही तरतूद आहेच. आमच्या त्या सॉफ्टवेअरचं काय झालं माहीत नाही, मी ती कंपनी सोडली.

तर तिने स्लिप दाखवली त्या दिवशी मी सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला. तो मुलगा घाईत होता. तारीख मागूनच बदलावी लागेल म्हणाला, डेटाबेसमध्ये शिरून, त्याला आमच्या साहेबांचा मेल लागेल. मग म्हणाला, "अजून कुणाचं असं करायचंय का मॅडम? एकदमच सांगा, परत परत नको."

मी नाही म्हणणार होते. मग त्याला थांबायला सांगितलं आणि 'लेफ्ट'ची यादी उघडली, कारणाच्या रकान्यात 'गैरहजर' टाकून.