आमची वाटचाल : पडद्यावरचा भाषावर्ग

परकी भाषा शिकवणारी आमची छोटी संस्था सुरू झाली ती निव्वळ आवाजावर. कॉन्फरन्स कॉलवर मोजके विद्यार्थी, एक शिक्षिका आणि आधी ईमेलने पाठवलेला पाठ. भाषा आधी कानावर पडली पाहिजे, ही आमची श्रद्धा तेव्हाही होती आणि आजही आहे. पण साध्या फोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जातो, आणि 'स' आणि 'फ' यांच्यातला फरक सांगणारा बराचसा ध्वनी त्याच्या वर असतो. आपल्या भाषेत ही उणीव मन आपोआप भरून काढतं. नवशिक्याकडे तेवढी शिदोरीच नसते.

व्हिडिओकडे वळल्यावर सगळ्यात मोठा फरक उच्चारांत पडला. कानावर 'बा' पडत असताना 'गा' म्हणणारे ओठ दिसले, तर पुष्कळांना 'दा' ऐकू येतं, हे मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्येच दाखवलं होतं. ऐकण्यात डोळ्यांचाही वाटा असतो. इंग्रजीतलं 'वाइन' (wine) आणि 'व्हाइन' (vine) घ्या. एकात ओठांचा चंबू होतो, दुसऱ्यात खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो. जर्मनमधल्या उमलाउटच्या, म्हणजे डोक्यावर दोन टिंबं असलेल्या 'ऊ'ला (ü) जीभ 'ई'ची आणि ओठ 'ऊ'चे लागतात. हे कितीही समजावून सांगा, तोंडाकडे बघितल्याशिवाय जमत नाही. म्हणून शिक्षिकेच्या चेहऱ्यावर समोरून उजेड हवा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा आणि हातवारे चौकटीत दिसले पाहिजेत, याबद्दल आम्ही फार काटेकोर आहोत.

व्हिडिओची एक अडचण मात्र कायमची आहे. समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो. १० भाषांच्या अभ्यासातून २००९ मध्ये हे पुढे आलं. इंटरनेटवरचा उशीर ही लय बिघडवतो. दोघं एकदम बोलतात, मग दोघंही थांबतात, आणि मुळात बुजलेला विद्यार्थी गप्पच बसतो. आमच्या शिक्षिका आधी नाव घेतात, मग प्रश्न विचारतात आणि मग पुरेसं थांबतात. हे थांबणं शिकवायला आम्हाला व्याकरण शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

पण आमच्या वर्गाचं रूप खऱ्या अर्थाने बदललं ते चॅटमुळे. विद्यार्थी चुकला की त्याचंच वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हणायचं, ही शिक्षकांची जुनी सवय. लिस्टर आणि रांता यांनी १९९७ मध्ये फ्रेंच शिकणाऱ्या मुलांचे वर्ग तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक दुरुस्त्या अशाच निघाल्या, आणि विद्यार्थ्यांनी सर्वांत कमी प्रतिसाद दिला तोही त्यांनाच. बोललेलं हवेत विरतं. आमच्याकडे विद्यार्थी बोलत राहतो आणि शिक्षिका त्याला न अडवता योग्य रूप चॅटमध्ये टाकते. बोलणं संपलं की तो खाली बघतो आणि ते वाक्य स्वतःच पुन्हा म्हणतो. सगळ्या चुका मात्र टाकायच्या नाहीत, फक्त त्या दिवशी शिकवलेल्या मुद्द्याच्या. नाहीतर चॅट वाहत राहतो आणि बोलणाऱ्याचं अवसान गळतं. वर्गात तोंड न उघडणारे कित्येक जण आधी टाइप करतात, मग तेच वाचून दाखवतात आणि हळूहळू टाइप करणं सोडून देतात. मला या व्यवसायात सर्वांत जास्त आनंद कशाने होत असेल, तर हे बघताना.

स्लाइडवर मजकूर, तोच मोठ्याने वाचणं, शेजारी चित्र आणि खाली सबटायटल असा एकाच वेळचा भडिमार आम्ही टाळतो. ऐकण्याचा उतारा पहिल्यांदा नुसता ऐकायचा, दुसऱ्यांदा त्याच भाषेतल्या सबटायटलसह आणि शेवटी पुन्हा सबटायटलशिवाय. मातृभाषेतली सबटायटल आम्ही देत नाही, कारण ती असली की डोळे तिकडेच खिळतात आणि कान बंद होतात.

भाषा किती येते याच्या पातळ्या ठरवणाऱ्या, कौन्सिल ऑफ युरोपच्या भाषा-आराखड्यात २००१ नंतर जी भर पडली, तिच्या २०२० च्या आवृत्तीत ऑनलाइन संवादासाठी स्वतंत्र निकष आहेत. त्यानंतर आम्ही आमची परीक्षाही बदलली. आता दोघांना मिळून एक काम दिलं जातं. बोलायचं, लिहायचं, स्क्रीन दाखवायची आणि न समजल्यास विचारायचं. न समजल्यावर नेमकं काय केलं, यालाही गुण असतात.

मोठ्या बॅचेस घ्या, असा सल्ला आम्हाला वारंवार मिळतो. उत्पन्न वाढेल हे खरंच आहे, पण प्रत्येकाचे ओठ दिसतील एवढी चौकट मग उरणार नाही, म्हणून बॅच लहानच ठेवली आहे. सध्या आमचं लक्ष कमकुवत नेटवर्कवरून येणाऱ्यांवर आहे. त्यांना चित्रं आणि शिक्षिकेच्या उच्चारांचे छोटे व्हिडिओ आदल्या दिवशी पाठवतो. वर्गात नेट अडखळलं की त्यांचा कॅमेरा आधी बंद होतो, मग शिक्षिकेचा, आणि आवाज व चॅट शेवटपर्यंत चालू राहतात.