तुम्ही विचारलंत म्हणून: सोबतीला छोटा कॅमेरा कुठला?

"ताई, मोठा कॅमेरा तर घेतलाय, आता खिशात ठेवायला छोटा कुठला घेऊ?" लग्नाच्या हॉलवर, मैदानाच्या कडेला, एकदा तर मंडईत भाजी घेताना हा प्रश्न आला. सरळ उत्तर आधी देऊन टाकते. मी रिको जीआर ३ वापरते. पण म्हणून तुम्हीही तोच घ्यावा असं नाही. छोटा निवडायचा तर आधी तुमच्या मोठ्याकडे बघायला हवं. मोठ्याला जे जमत नाही तेवढंच छोट्यानं करायचं असतं. मोठ्याचंच काम लहान अंगानं करणारा कॅमेरा घेतलात तर आठवड्याभरात तो कपाटात जातो.

माझं उदाहरण कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमचं. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा इथल्या फुटबॉल संघांचा सामना असला की मोठ्या कॅमेऱ्यावर सत्तर-दोनशे (लांबचं जवळ आणणारी ७०-२०० मिमी लेन्स) चढवलेली असते, सगळं मिळून वजन दोन किलोच्या घरात. गोल होईपर्यंत यासारखी जोडी नाही. गोल झाला की मात्र तोच खेळाडू जर्सी ओढत थेट माझ्या अंगावर धावत येतो, मागून चार जण त्याच्या पाठीवर, वर गॅलरीत अख्खी पेठ उभी राहिलेली, आणि माझ्या लेन्समध्ये मावतं एकाचं नाक. लेन्स बदलेपर्यंत मंडळी सेंटरला परतलेली असतात. इथे खिशातला छोटा निघतो. जीआरची लेन्स २८ मिमी दृश्याची, म्हणजे जवळूनही बरंच मावणारी, झूम नाही. त्यात स्नॅप फोकस म्हणून सोय आहे: अंतर आधीच अडीच मीटरवर बांधायचं, अॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक, एफचा आकडा मोठा तेवढं ते लहान) एफ ८ ला ठेवायचं आणि बटण एका दमात खालपर्यंत दाबायचं. कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. या मापाला साधारण सव्वा मीटरपासून पुढचं सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. दुपारच्या उन्हात शटरही १/१००० सेकंदाला सहज राहतं.

आता तुमच्या मोठ्यावर कायम चोवीस-सत्तर (जवळचं, रुंद टिपणारी २४-७० मिमी लेन्स) असेल तर हे सगळं तुमच्याकडे आधीच आहे. तुम्हाला लांबचं लागेल. मग सोनीचा आरएक्स१०० सहावा किंवा सातवा बघा, २४ पासून २०० पर्यंत झूम आणि तरी खिशात मावतो. फक्त त्याच्या आकड्यांना भुलू नका. त्याचा सेन्सर (उजेड टिपणारी चिप) नावाला एक इंची, प्रत्यक्षात १३.२ गुणिले ८.८ मिमी. जीआरचा एपीएस-सी नावाच्या मापाचा, २३.५ गुणिले १५.६ च्या आसपास. क्षेत्रफळ काढून बघा, तिपटीहून जास्त फरक येतो. त्या आरएक्सवर २०० ला एफ ४.५ लिहिलेलं असतं, पण फुलफ्रेमच्या (३६ गुणिले २४ मिमी सेन्सरच्या) हिशेबात मागचा धूसरपणा आणि फोटोतला दाणा एफ १२ सारखा मिळतो. उन्हात काही बिघडत नाही. संध्याकाळी रंकाळ्यावर मात्र कळतं.

गुऱ्हाळात तर दुपारीच कळतं. शेडमध्ये उजेड येतो तो एका दारातून आणि चुलवाणाच्या तोंडातून. काहिलीवर वाफ इतकी की पलीकडचा गुळव्या कमरेपर्यंतच दिसतो. तुमच्या पाठीला भिंत, मागे सरकायला जागा नाही, म्हणून २८ च हवी. एफ २.८, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२००, शटर १/१२५ च्या खाली नको. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, मळी काढणाऱ्याचा हात सावरत नाही. आणि हो, जीआरला पाणी-धुळीचं संरक्षण नाही, तेव्हा दोनचार फोटो काढले की खिशात, काहिलीवर धरून उभं राहायचं नाही.

धुळीचं निघालंच आहे तर जोतिबा. चैत्री यात्रेला डोंगरावर गुलाल असा उडतो की सासनकाठ्यांचे शेंडे तेवढे वर दिसतात. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स चालू केल्यावर नळीत नळी अशी बाहेर येते. गुलाल बाहेरच्या नळीवर बसतो, कॅमेरा बंद केला की नळी आत जाते आणि सोबत गुलालही नेते. पिशवी बांधून भागत नाही, कारण नळी पुढे आली की पिशवी ताणते. सर्व्हिसवाल्याकडे पोचेपर्यंत सेन्सरवर गुलाबी ठिपके आलेले असतात. जोतिबाला मी मोठाच नेते, पुढे फिल्टर लावून, आणि छोटा घरी. हेच तुमचं मुख्य काम असेल तर फुजीचा एक्स१०० सहावा चालेल. त्याची लेन्स आतबाहेर करत नाही, आणि अडॅप्टर रिंग व फिल्टर लावला की धूळ-पाण्याला बराच टिकतो. फोटोही देखणे देतो. पण त्याचं वजन ५२१ ग्रॅम, जीआरच्या २५७ च्या दुप्पट, आणि तो राहतो जॅकेटच्या खिशात. कोल्हापुरात जॅकेट घालायचं कधी, ते तुम्हीच सांगा.

खिशाची परीक्षा दुकानातच घ्या. पँटीच्या पुढच्या खिशात कॅमेरा टाकून खाली बसून उठायचं. जमलं तर पुढचं बोलणं. (बायकांच्या कपड्यांना खिसा देण्याचा कंजूषपणा जगजाहीर आहे. मी कुर्ते शिवायला टाकतानाच उजवा खिसा खोल मागून घेते.)

मोबाइलचं विचारणारेही असतात. मोबाइलनं तुमचं भागत असेल तर खरंच काही घेऊ नका. माझं भागत नाही, कारण उन्हात स्क्रीन दिसत नाही, ऐन वेळी फोन वाजतो, आणि समोर मोबाइल धरला की माणसं रील चालू आहे समजून हात हलवायला लागतात. छोटा कॅमेरा बघितला की "आमचा बी एक काढा की ओ" म्हणतात आणि परत आपल्या कामाला लागतात. तेव्हाचा फोटो मला हवा असतो.

जुना घेणार असाल तर एक तपासणी सोडू नका. अॅपर्चर होईल तेवढं लहान करा (जीआरवर एफ १६), पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढा आणि मोठा करून कोपरे बघा. काळपट ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स काढून ती धूळ ब्लोअरनं उडवता येते. इथे लेन्स निघत नाही, कॅमेरा खोलावा लागतो. तो खर्च किमतीतून वजा करून मगच बोला. जीआर ३ घेताना दुसरी बॅटरी धरूनच हिशेब करा, एका चार्जवर दोनशेच्या आसपास फोटो निघतात. यूएसबी-सीनं चार्ज होतो, त्यामुळे पॉवर बँकवर भागतं.

मोठ्या-छोट्या दोन्हींवर रॉ (कॅमेऱ्यानं न रंगवलेली कच्ची फाइल) काढा म्हणजे रंग नंतर जुळवता येतात, त्यासाठी एकाच कंपनीचे कॅमेरे लागत नाहीत. पण दोन्हींची घड्याळं कामाला निघण्याआधी सेकंदावर जुळवून घ्या आणि फाइलच्या नावांची सुरुवात वेगवेगळी ठेवा. नाहीतर वेळेप्रमाणे लावलेल्या अल्बममध्ये अक्षता पडायच्या आधीच नवरी सासरी निघालेली दिसते, आणि मुलीचे मामा फोन करून विचारतात.